पोट लहान झालं, पण संध्याकाळचं खाणं सुटत नाही

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

या वेळी वजनाच्या ऑपरेशननंतरच्या खाण्याबद्दल एक पत्र इतकं मोकळेपणाने लिहिलेलं आलं की सदराची बरीचशी जागा त्यालाच द्यायची ठरवली. त्याच विषयावरची आणखी तीन पत्रं होती, तीपण सोबत घेतलीत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई, मी फोंड्याला राहते, नोकरी पणजीला, वय 43. दीड वर्षापूर्वी माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन 114 होतं, शुगर होती, गुडघे दुखायचे, रात्री इतकं घोरायचे की मशीन लावून झोपायला सांगितलेलं. वर्षभरात 76 वर आले. शुगरची गोळी बंद झाली, कदंबच्या बसमध्ये चढताना आता कुणाचा हात लागत नाही, सगळं छान चाललेलं. पण गेल्या चार-पाच महिन्यांत 82 झालंय. जेवण माझं अजून पण छोट्या वाटीएवढंच आहे, घरच्यांना तर वाटतं मी काही खातच नाही. खरं सांगायचं तर संध्याकाळी साडेसहाला घरी पोचले की हात डब्यांकडे जातो. एक बिस्कीट, मग मूठभर चिवडा, मग चहा, परत बिस्कीट, फ्रीजमध्ये मुलाचं आईस्क्रीम असतं त्यातले दोन चमचे, पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला मीच खाली उतरते आणि गरम पोयीचा तुकडा जिन्यातच तोंडात जातो, आणि हे असं झोपेपर्यंत. पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि खरी भूक पण नसते. ऑपरेशनच्या आधी पण मी हेच करायचे, तेव्हा ताटभर, आता चिमूट चिमूट. कर्ज काढून ऑपरेशन केलं, सगळे म्हणतात किती बारीक झालीस गो, आणि मला आतून चोरी केल्यासारखं वाटतं. डॉक्टरांकडची तपासणी दोनदा चुकवली, काट्यावर उभं राहायची लाज वाटते. माझं पोट परत मोठं झालं असेल का? यूट्यूबवर पाच दिवस फक्त पातळ पिऊन पोट परत लहान करतात असं दाखवतात, ते करू का? की परत ऑपरेशन करावं लागेल?

उत्तर : आधी हिशोब नीट मांडूया, कारण तुम्ही तो फक्त 76 पासून मोजताय. 114 वरून आज 82, म्हणजे अजूनही 32 किलो खाली आहात, शुगरची गोळी बंद आहे, बसमध्ये स्वतःच्या पायावर चढताय. यातलं काहीही वाया गेलेलं नाही. ऑपरेशननंतर वजन सगळ्यात खाली जातं ते साधारण पहिल्या एक ते दोन वर्षांत, आणि त्यानंतर थोडं वर येणं खूप जणांच्या बाबतीत होतं. पण चार-पाच महिन्यांत सहा किलो हे थोडं नाही, ते थांबवायला हवं, आणि ते आत्ता जितकं सोपं आहे तितकं अजून दोन वर्षांनी राहणार नाही. म्हणून तुम्ही आत्ता लिहिलंत हे फार बरं केलंत.

आता पोटाबद्दल. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. जो भाग काढतात त्यातच वरच्या बाजूला घ्रेलिन नावाचं हार्मोन सगळ्यात जास्त तयार होतं, भूक लागली हे मेंदूला कळवणारं. हे हार्मोन जपानी संशोधकांनी 1999 मध्ये शोधलं, म्हणजे ही माहिती तशी नवीनच आहे. ते एकदम कमी झालं की सुरुवातीचे कितीतरी महिने भूकच लागत नाही, जेवायची आठवण करून द्यावी लागते, आणि त्या काळात माणसाला वाटतं की चला, सुटली सवय. सुटलेली नसते. भूक नव्हती म्हणून सवयीला काही काम नव्हतं एवढंच. वर्ष-सव्वा वर्षाने भूक हळूहळू परत येते आणि तिच्याबरोबर जुनी वेळ, जुना डबा, सगळं परत येतं. तुमचं जवळपास तसंच झालंय.

नळी काळाबरोबर थोडी सैल होते हे खरं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की जेवण अजून छोट्या वाटीएवढंच जातं, म्हणजे नळी आपलं काम करतेय. वजन जेवणातून वाढलेलं नाही, दोन जेवणांच्या मधल्या खाण्यातून वाढलंय. आणि यात एक गोष्ट आहे जी ऑपरेशनच्या आधी सांगतात खरी पण तेव्हा डोक्यात इतकं काही चाललेलं असतं की लक्षात राहत नाही. बांगड्याचा तुकडा, चिकन, अंडं, उसळ हे नळीत थांबतं, वेळ घेतं, म्हणून लगेच पोट भरतं, कधी कधी तर अडकल्यासारखं पण होतं. बिस्कीट, चिवडा, वेफर्स, आईस्क्रीम, चॉकलेट हे तोंडात विरघळतं आणि घसरून पुढे जातं, वरून चहा प्यायला की आणखी लवकर. नळीला ते जाणवतच नाही. म्हणून तुम्ही साडेसहा ते दहापर्यंत खाताय आणि पोट भरत नाही. शंभर ग्रॅम शेव-चिवड्यासारख्या तळलेल्या फरसाणात 500 च्या आसपास किंवा त्याहून जास्त कॅलरी असतात, आणि मूठ-मूठ करत शंभर ग्रॅम कधी संपतात कळत नाही. त्यात आणखी एक वाईट गोष्ट अशी होते की नुस्तं (मासळी) खाल्लं की जड वाटतं, बिस्कीट खाल्लं की बरं वाटतं, मग माणूस नकळत बरं वाटणाऱ्याकडे सरकतो. सरकणं कुणालाही होईल, मुद्दाम कुणी करत नाही.

आता तुमच्या दिवसाकडे बघू. दुपारी किती वाजता जेवता ते लिहिलेलं नाहीये, पण ऑफिस म्हणजे एक-दीड धरूया. छोटी वाटी एक वाजता, आणि त्यानंतर साडेसहापर्यंत बहुतेक फक्त चहा. एवढ्या छोट्या पोटाला साडेपाच तास म्हणजे फार झालं. त्यात पणजी ते फोंडा बस, गर्दी, उभं राहणं, घामाघूम होऊन घरात शिरायचं आणि सरळ स्वयंपाकघरात, कारण तिथे पुढचं काम वाट बघत असतं. मला वाटतं की त्या घटकेला तुम्हाला खायचं नसतं, बसायचं असतं. पण घरात येऊन नुसतं बसलेली बाई कुणाला दिसत नाही (आपल्याला स्वतःलापण ते बरं वाटत नाही), आणि उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकणं मात्र चालतं, तेवढीच काय ती विश्रांती. हे मी खूप बायकांमध्ये बघितलंय आणि ऑपरेशन न झालेल्यांमध्येसुद्धा. तर पहिला बदल इथे करा. बस पकडायच्या आधी, साडेचारच्या सुमारास ऑफिसमध्येच काहीतरी प्रोटीनचं खा, उकडलेलं अंडं, पनीरचे चार तुकडे, अळसांद्याची नाहीतर चण्याची सुकी उसळ छोट्या डबीत. आणि घरी पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं खरोखर बसा, हॉलमध्ये, पंख्याखाली, पाय वर करून, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ही माझी वेळ आहे. ऐकायला फार साधं वाटेल पण हे केल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

मग साडेसात-आठला जेवण, ताटलीत घेऊन, बसून, टीव्ही आणि मोबाईल बंद. आपल्याकडे ताट कसं वाढतात, आधी शिताचा (भाताचा) ढीग, त्यावर हुमण (नारळाची आमटी), आणि बाजूला नुस्त्याचा तुकडा. तुम्ही ते उलटं करायचं. आधी नुस्तं, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर दोन चमचे शीत हुमण. हुमणात कालवलेलं शीत पण पटकन घसरतं हे लक्षात असू द्या, आणि तेच आधी गेलं की नुस्त्याला जागा राहत नाही. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन हवं असं ऑपरेशननंतर सांगतात, नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांनी दिला असेल तोच धरा. शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅमच्या आसपास असतं, एका अंड्यात सहा. रव्यात घोळवून तळलेल्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात केलेलं नाहीतर आंबट-तिखटात शिजवलेलं मऊ पण असतं आणि बसतं पण नीट. पाणी जेवणाबरोबर नको, जेवल्यावर साधारण अर्ध्या तासाने, आणि सोलकढीला पण हाच नियम.

पोदेराचं मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण तुमच्या पत्रातली ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. भोंपू वाजतो, तुम्ही उतरता, हातात गरम पोय येते आणि जिन्यात कुणी बघत नसतं. इथे भुकेचा काही संबंध नाही, आवाज आणि जिना याचंच सगळं चालतं. इतक्या वर्षांची जोडी बांधलेली आहे, ती मनाचा निग्रह करून तुटत नाही, निग्रह संध्याकाळी आधीच संपलेला असतो. तेव्हा काही आठवडे पाव आणायला मुलाला पाठवा, नाहीतर नवऱ्याला. तुम्ही उतरूच नका. पोय बंद करा असं मी म्हणत नाहीये, गोव्यात राहून पोय बंद करा सांगणं मला बरोबर वाटत नाही, आणि जे पूर्ण बंद करतो तेच दिवसभर डोक्यात घोळत राहतं. सकाळी ताटलीत अर्धी पोय, तव्यावर कुरकुरीत करून (मऊ लुसलुशीत पाव स्लीव्हवाल्यांना बऱ्याचदा अडकतो), सोबत अंडं, आणि आधी अंडं. तसंच डब्यांचं. चिवड्याचा डबा ओट्यावर नको, वरच्या कपाटात, आणि आईस्क्रीमचा मोठा डबा घरात आणण्याऐवजी मुलाला पाहिजे त्या दिवशी एक कप आणा. मुलावर अन्याय होत नाही त्यात.

आठवडाभर फक्त लिहून काढा, वेळ, काय खाल्लं, आणि त्याच्या आधी काय झालं होतं. कॅलरी लिहू नका, स्वतःला मार्क देऊ नका. फोन आला होता, सासूबाई काही बोलल्या, ऑफिसमध्ये कामावरून बोलणी खाल्ली, कंटाळा आला होता, काहीही. आठ दिवसांत तुम्हालाच दिसेल की खाणं एक-दोन जागी गोळा झालेलं आहे, सगळ्या दिवसभर पसरलेलं नाही, आणि तेवढ्या एक-दोन जागाच सांभाळायच्या आहेत. कधी कधी पोटात जळजळ होते ती पण भुकेसारखी वाटते, स्लीव्हनंतर ॲसिडिटीचा त्रास बऱ्याच जणांना होतो, तेव्हा काही खाल्लं की बरं वाटतंय आणि लगेच परत कुरतडल्यासारखं होतंय असं असेल तर तेही लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

यूट्यूबवरचं पाच दिवसांचं पातळ करू नका. पातळ पिऊन नळी लहान होत नाही, तशी काही सोय शरीरात नाहीये. पाणी कमी होतं, स्नायू कमी होतात, काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसतं आणि सहाव्या दिवशी डब्यांवर जी धाड पडते ती आधीपेक्षा मोठी असते. परत ऑपरेशनचा विचार तर आत्ता मुळीच नको. ते करतात काही जणांना, पण त्याच्या आधी एंडोस्कोपी वगैरे तपासण्या होतात, खाण्याचा पूर्ण इतिहास बघतात, आणि मधल्या खाण्यावर दुसरं ऑपरेशन पण चालत नाही, घसरणारं तिथूनही घसरतंच. वजन परत वाढायला लागलं तर मदतीला औषधं आणि इंजेक्शनं पण आता मिळतात, ती तुम्हाला योग्य आहेत का हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, दुकानातून किंवा ओळखीतून घेऊ नका.

आणि त्या चुकवलेल्या तपासण्या. तुम्हाला वाटतंय डॉक्टर रागावतील. जे सर्जन आणि जी टीम हे काम वर्षानुवर्षं करते तिच्यासाठी वजन परत वाढलेला पेशंट ही रोजची गोष्ट आहे. फोन करून एवढंच सांगा, वजन सहा किलो वाढलंय, संध्याकाळचं खाणं थांबत नाहीये, मला डाएटिशियन आणि कौन्सेलर दोघांची वेळ हवी. काट्यावर पाठ करून उभी राहीन, आकडा मला सांगू नका, असंही सांगता येतं, त्यात काही कमीपणा नाही. पण जाच, कारण वजनापेक्षा मला तुमच्या रक्ताची काळजी जास्त आहे. दीड वर्ष झालं, हिमोग्लोबिन, लोह, बी-12, डी, कॅल्शियम हे बघायलाच हवं, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर असतात, वजन वाढलं म्हणून आता काय उपयोग असं म्हणून त्या सोडून देणारे लोक मी बघितलेत. सोडू नका.

राहिलं ते चोरीसारखं वाटण्याचं. लपून खाणं आणि लाज हे एकमेकांना वाढवत नेतं, लाज वाटली की माणूस एकटा होतो आणि एकटा झाला की परत डब्याकडे जातो. म्हणून घरात कुणातरी एकाला तरी सांगा. नवऱ्याला सांगणं जमेल असं पत्रावरून वाटतं. मला उपदेश नकोय, संध्याकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात माझ्यासोबत थांब आणि पाव तू आण, एवढं नेमकं काम त्याला द्या. पोट दुखेपर्यंत खाल्लं जातंय, थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटते असं काही असेल तर त्याला बिंज ईटिंगसारखा आजार म्हणून बघायला हवं. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलची ओपीडी आहे, आणि घराबाहेर जायला जमत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 14416, चोवीस तास, फुकट. तिथे फोन करायला वेडं असावं लागत नाही, हे आपल्याकडे अजून सांगावं लागतं म्हणून सांगतेय.

प्रश्न : माझं दोन वर्षांपूर्वी बायपास झालं, हृदयाचं नव्हे, पोटाचं. वय 38, साखळीकडे राहतो. खाणं खरोखर सुटलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्वी मित्रांबरोबर महिन्यातून एखाद-दोनदा बसायचो, आता आठवड्यातून तीन-चारदा होतं. उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनमध्ये तर रोजच. एका ग्लासातच चढते आणि पूर्वी चार लागायचे. बायकोला काळजी वाटते, मला वाटतं कमीच तर पितोय. तुमचं मत काय?

उत्तर : तुमची बायको बरोबर आहे. ग्लास कमी झाले म्हणजे दारू कमी झाली असं बायपासनंतर धरता येत नाही. पोटाचा मोठा भाग वगळून प्यालेलं थेट आतड्यात पोचतं, रक्तातलं दारूचं प्रमाण भराभर वर जातं आणि आधीपेक्षा जास्त वर जातं. म्हणजे शरीरासाठी तुमचा एक ग्लास एक राहिलेला नाही. त्यात उर्राक लिंबू-सोड्याबरोबर घेतात, गोड, गार, पटकन पोटात जाणारी, आणि किती गेली ते कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 2012 मध्ये अमेरिकेत बऱ्याच हॉस्पिटलांमधल्या पेशंटना घेऊन एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ऑपरेशननंतर दारूचा त्रास वाढतो तो पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी, आणि बायपास झालेल्यांमध्ये धोका जास्त. तुम्ही नेमके तिथे उभे आहात. पूर्वी जे काम ताट करायचं, म्हणजे दिवस संपला, डोकं शांत झालं, ते आता ग्लास करतोय असं मला पत्रावरून वाटतं, पण नीट तपासून ते डॉक्टरच सांगतील. एक महिना पूर्ण बंद ठेवून बघा, उर्राकचा सीझन असला तरी. मात्र सकाळी हात थरथरत असतील, प्यायल्याशिवाय घाम फुटत असेल तर अचानक स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. महिना जमला नाही तर लगेच मदत घ्या, बांबोळीच्या त्याच ओपीडीत दारूसाठी पण उपचार होतात. आणि एक ग्लास घेतला असेल तरी गाडीला हात लावू नका. बसलेल्या मित्रांपैकी एकाला तरी खरं कारण सांगून ठेवा, आग्रह थांबतो.

सिगारेट ओढत असाल किंवा अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत असाल तर त्याही बंद, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला असतो, त्याचं गेल्या वर्षी वजनाचं बायपास झालं. चवथीला घरी आला. दोन नेवऱ्या आणि वाटीभर मणगणं खाल्लं आणि अर्ध्या तासात घामाने भिजला, छातीत धडधड, पोटात कळा, शेवटी आडवा झाला. आम्ही घाबरलो, शेजारी म्हणाले हार्टचं असेल. नंतर तासाभराने बरा झाला. मी आता त्याला काय वाढू? तो इतका बारीक झालाय की माझ्याने बघवत नाही.

उत्तर : छातीत धडधड झाल्यावर तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. आणि छातीत दुखलं, श्वास लागला, किंवा तासाभरात बरं वाटलं नाही तर अंदाज करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून हे डंपिंग असावं. बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरतं, आतडं तिथे पाणी ओढून घेतं, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या-एक तासात घाम, धडधड, कळा, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं असं होतं. काहींना ते उशिरा, एक ते तीन तासांनी होतं, तेव्हा साखर खाली गेलेली असते, हात थरथरतात, डोकं चालत नाही. असं परत झालं तर त्याच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि नक्की किती वाजता खाल्लं आणि किती वाजता झालं ते लिहून ठेवायचं.

मणगण्यात गूळ, नेवरीत साखर आणि वर तळण, दोन्ही एकत्र आणि बहुतेक रिकाम्या पोटी. पुढच्या वेळी आधी खतखत्यातली डाळ-भाजी आणि दही, किंवा मूग घट्ट शिजवून, आणि जेवण झाल्यावर नेवरीचा एक घास चवीपुरता, तोही त्याला पाहिजे असेल तरच. आई म्हणून तुमचं पोट तुटतं हे मला कळतं, पण खा रे थोडं, एवढंच, माझ्यासाठी, हे वाक्य चवथीच्या घरात त्याला दिवसातून पंधरा जणांकडून ऐकावं लागतं आणि तुम्ही सोळाव्या होऊ नका. उलट पाहुण्यांना आग्रह करायला तुम्हीच थांबवा, तुमचं ऐकतील. त्याच्या जुन्या खाण्याच्या आठवणी याच घरातल्या आहेत, त्यामुळे पुण्यात जमतं ते इथे आल्यावर सुटणं शक्य आहे. बारीक दिसणं वेगळं आणि अशक्त होणं वेगळं. चक्कर, केस खूप गळणं, दम लागणं असेल तर रक्त तपासा. सतत उलट्या होत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका, व्हिटॅमिन बी-वन कमी होऊन मेंदूवर परिणाम होतो.

प्रश्न : जून-जुलैत बंदीमुळे मासळी महाग, मग श्रावण, मग चवथीपर्यंत नुस्तं नाही. ऑपरेशन झालेल्यांनी प्रोटीनचं काय करावं? पेज आणि खारं चालेल का?

उत्तर : ट्रॉलरची बंदी 1 जून ते 31 जुलै, त्या काळात खाडीतली मासळी थोडीफार मिळते पण तिच्यावर अवलंबून राहू नका. अंडी आणि चिकन चालत असेल तर प्रश्नच नाही. खारं नुस्तं चव म्हणून चालेल, पण त्यात मीठ खूप, बीपी असेल तर नको, आणि पेज तर निव्वळ तांदूळ आणि पाणी, घसरून जाईल आणि तासाभरात परत भूक. पेज प्यायचीच असेल तर आधी पनीर नाहीतर उसळ खाऊन घ्या, आणि मग अर्ध्या तासाने थोडी पेज.

श्रावणात शाकाहारी असाल तर दिवसाची मांडणी आधीच करायला लागते, ऐनवेळी साबुदाणा आणि बटाट्यावरच गाडी येते. सकाळी पनीर किंवा मुगाचं धिरडं, दुपारी अळसांदे नाहीतर चण्याची उसळ आणि दही, साडेचारला भाजलेले चणे पण अगदी बारीक चावून, रात्री घट्ट डाळ आणि सोयाबीन किंवा टोफू. शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शिजवलेल्या डाळीच्या वाटीत सहा-सात, त्यामुळे नुसत्या डाळीवर आकडा पूर्ण होत नाही. कमी पडतंय असं वाटलं तर व्हे पावडर दुधात किंवा ताकात घ्या, साखर न घातलेली बघून, आणि किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. उपास ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात तरी करू नका, भटजींना विचारलंत तर तेही हेच सांगतील.